वाचक विचारतात : मॉड्युलर सिंथेसायझरसाठी घरी बनवायची लाकडी पेटी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरत असल्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर त्या विषयाला दिले आहे. ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, मॉड्युलर सिंथेसायझर हे एकसंध वाद्य नसून स्वर निर्माण करणारे, तो गाळणारे, त्याला आकार देणारे असे सुटे विद्युत भाग (मॉड्यूल्स) एका चौकटीत शेजारी शेजारी बसवून वायरींनी एकमेकांना जोडलेले वाद्य असते. आज सर्वाधिक चालणारे माप ‘युरोरॅक’ या नावाने ओळखले जाते आणि ते म्युनिकजवळच्या ग्रेफेल्फिंग येथील डीटर डोप्फर यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यास आणलेल्या ए-१०० या संचापासून रूढ झाले. खालील सर्व उत्तरे त्याच मापाला धरून आहेत.

प्रश्न : माझ्याकडे युरोरॅकची सात मॉड्यूल्स जमली आहेत. परदेशी बनावटीची पेटी मागवायची तर वाहतूक आणि जकात धरून ती एखाद्या चांगल्या मॉड्यूलपेक्षा महाग पडते. आमच्या ओळखीचे सुतार उत्तम काम करतात आणि सागवानाची पेटी करून देण्यास तयार आहेत. त्यांना कोणती मापे द्यावीत? लाकूड किती जाड घ्यावे, पॉलिश कोणते करावे, कोपरे कसे जोडावेत, हेही सांगावे. (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : आपल्या पत्रात लाकडाबद्दल बरेच काही आहे आणि रेल्सबद्दल एक शब्दही नाही. आमच्या मते क्रम नेमका उलटा असायला हवा. रेल्स, म्हणजे ज्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर मॉड्यूल्स स्क्रूने बसतात त्या, आधी विकत घ्याव्यात, हातात घेऊन मोजाव्यात आणि मगच वखारीत जावे. पेटीची आतली रुंदी पुस्तकातल्या आकड्यावरून न ठरवता आपल्या हातातल्या रेलच्या लांबीवरून ठरवावी.

तरीही आकडे माहीत असलेले बरे. मॉड्यूलची रुंदी ‘एचपी’ या एककात मोजतात आणि एक एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर. उंची सर्वांची सारखी, म्हणजे ३ यू (‘यू’ हे उंचीचे एकक) असते. ३ यू म्हणजे १३३.३५ मिमी, पण मॉड्यूलची दर्शनी पट्टी प्रत्यक्षात १२८.५ मिमी उंच असते. मधला पावणेपाच मिलिमीटरचा फरक रेलच्या वरच्या आणि खालच्या ओठांसाठी सोडलेला असतो, त्यामुळे तो वाचवण्याचा मोह टाळावा. वरच्या आणि खालच्या स्क्रूंच्या मध्यांमधले अंतर १२२.५ मिमी असते. या सगळ्या मापांत तडजोड न चालणारे माप हेच आहे.

सात मॉड्यूल्स असतील तर आमचा सल्ला ८४ एचपीच्या दोन रांगांचा आहे. एक लांबलचक रांग दिसायला छान दिसते, पण मेजावर मावत नाही आणि तिचा मधला भाग वाकतो. ८४ एचपी म्हणजे ४२६.७ मिमी, म्हणून आतली रुंदी साधारण ४२८ मिमी निघेल. दोन रांगांना आतून २६६.७ मिमी उंची लागते, तिथे २७० धरावी. आतली खोली ११० ते १२० मिमी ठेवावी. बहुतेक मॉड्यूल्स यापेक्षा पुष्कळ उथळ असली तरी मागच्या बाजूला रिबन केबलचा जोड, तिचे वळण आणि विद्युतपुरवठ्याची पाटी (जिच्यावर सगळ्या मॉड्यूल्सच्या केबल्स लागतात ती) या तिघांनाही जागा लागते, आणि उथळ पेटी केली की पुढे एखादे खोल मॉड्यूल नेमके त्या पाटीवर आपटते.

आता सुतारांविषयी. आपल्याकडचा कसबी सुतार फूट, इंच आणि सूत यांत विचार करतो. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिमी. दारे-खिडक्यांच्या कामात अर्धा सूत इकडेतिकडे झाला तर रंधा मारून तो भागवता येतो. इथे अर्धा सूत म्हणजे दीड मिलिमीटर आणि रेलच्या भोकांमध्ये तेवढी चूक झाली तर मॉड्यूलचा वरचा स्क्रू लागतो आणि खालचा लागत नाही. म्हणून कागदावर मिलिमीटरचे आकडे लिहून देण्यापेक्षा साचा द्यावा. तीन मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकवर लेझरने बाजूच्या फळीच्या मापाची पट्टी कापून घ्यावी आणि तिच्यावर रेलच्या टोकांच्या स्क्रूंची भोके अचूक पाडून घ्यावीत. मात्र रेलच्या टोकाचा स्क्रू आणि मॉड्यूलचा स्क्रू एका रेषेत असतीलच असे नाही, ते रेलच्या छेदावर अवलंबून असते. म्हणून भोकांच्या जागा रेल बनवणाऱ्याच्या आकृतीवरून किंवा प्रत्यक्ष रेलवर मॉड्यूल धरूनच ठरवाव्यात. डावी आणि उजवी फळी क्लॅम्पने एकत्र आवळून साच्यावरून एकाच वेळी छिद्रे पाडली की दोन्ही बाजू आपोआप जुळतात. रेलच्या टोकांना बहुधा एम-५चे आटे असतात, काहींना एम-४चे. खरेदीच्या वेळीच विचारून तेवढे स्क्रू आणि रुंद वॉशर घ्यावेत, नाहीतर स्क्रूचे डोके मऊ लाकडात रुतत जाते.

जोडणीचा क्रमही सांगून ठेवतो, कारण इथे बहुतेकांची फसगत होते. रेलच्या खोबणीत एकतर सरकते एम-३ नट असतात किंवा ओळीने आटे पाडलेली धातूची पट्टी असते. ही पट्टी किंवा हे नट खोबणीच्या टोकातूनच आत जातात. बाजूची फळी एकदा बसली की ते टोक बंद होते आणि मग एक नट कमी पडला तरी अर्धी पेटी उकलावी लागते. त्यामुळे नट मोजून, चार-सहा जास्तीचे टाकून, मगच फळी आवळावी. पट्टी वापरत असाल तर रांगेच्या दोन्ही टोकांना एकेक मॉड्यूल हलक्या हाताने लावून पट्टी जागेवर आणावी आणि त्यानंतर ती घट्ट करावी. रेल करवतीने कापावी लागली असेल तर ॲल्युमिनियमचा कीस ब्रशने पूर्ण झाडून टाकावा. तो एखाद्या सर्किटवर पडला की काय होते, हे वेगळे सांगायला नको.

कोपऱ्यांच्या जोडणीला आम्ही फार महत्त्व देत नाही. डव्हटेल येत असेल तर जरूर करावे, साधी खाच पाडून फेव्हिकॉल आणि स्क्रूने जोडले तरी पेटी वर्षानुवर्षे टिकते. चिकटवताना दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत याची खात्री करावी आणि रेल्स आत तात्पुरत्या बसवूनच क्लॅम्प आवळावेत, म्हणजे रेल्सच पेटीला काटकोनात धरतात. मागची पाठ मात्र चिकटवू नये. सहा मिलिमीटरची प्लाय स्क्रूने बसवावी, कारण ती अनेकदा उघडावी लागते. पॉलिशविषयी पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न : आमच्या जुन्या घराची दारे उतरवली, त्यांचे सागवान पडून आहे. ते या कामाला चालेल का? आमच्याकडे पावसाळ्यात कपाटांची दारे फुगतात, म्हणून काहीजण सागवान सोडा आणि एमडीएफ घ्या असे सांगतात. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : उतरवलेल्या दारांचे सागवान या कामाला उत्तमच आहे, कारण ते पुरते वाळलेले असते आणि त्याची जी काही वेडीवाकडी होण्याची हौस असते ती बहुतेक भागलेली असते. आधी सगळे खिळे काढून घ्यावेत, एक जरी राहिला तरी रंध्याचे पाते गेले म्हणून समजा. वाळवीने किंवा भुंग्याने पोखरलेला भाग निर्दयपणे कापून टाकावा, कारण तो वरून भरून घेतला तरी स्क्रू धरत नाही.

दारे फुगतात हे आपले निरीक्षण मात्र महत्त्वाचे आहे. हवेतील ओलाव्याने लाकूड रेषांच्या, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या, आडव्या दिशेने फुगते आणि आकसते; रेषांच्या लांबीत त्याचा फरक जवळजवळ पडत नाही. सागवान या बाबतीत फार शांत लाकूड समजले जाते, तरीही हिशेब करून पाहा. लाकडातील ओलावा पाच टक्क्यांनी वाढला तर सागाची फळी आडव्या दिशेने, कापणीच्या प्रकाराप्रमाणे, अर्ध्या ते एक टक्क्यापर्यंत रुंदावते. आता बाजूच्या फळीत रेषा पुढून मागे जात असतील, तर वरच्या आणि खालच्या रेलमधले १२२.५ मिलिमीटरचे अंतर नेमके त्या आडव्या दिशेत येते आणि ते जुलैत एक मिलिमीटरपर्यंत वाढू शकते. मॉड्यूलच्या पट्टीवरची भोके बऱ्याचदा डावी-उजवीकडे लांबट असतात, वर-खाली मात्र नसतात. म्हणजे उन्हाळ्यात व्यवस्थित बसलेली मॉड्यूल्स पावसाळ्यात एकदा काढली की पुन्हा बसत नाहीत, आणि दोष मॉड्यूलचा समजला जातो.

यावरचा उपाय फुकटचा आहे. बाजूच्या फळ्यांत रेषा उभ्या ठेवाव्यात आणि वरच्या-खालच्या फळ्यांत त्या रेलच्या लांबीला समांतर, म्हणजे डावीकडून उजवीकडे ठेवाव्यात. अशा रचनेत रेलमधले अंतरही बदलत नाही आणि आतली रुंदीही बदलत नाही. जे काही फुगायचे ते चारही फळ्या खोलीच्या दिशेने मिळून फुगतात, तिथे मिलिमीटरभर कमीजास्त झाल्याने कोणाचेच काही बिघडत नाही. चारही फळ्या एकाच दिशेने हलत असल्यामुळे कोपऱ्यांवर ताणही येत नाही. बाजूची फळी २७० मिमी उंच आणि १२० मिमी रुंद असल्याने दाराच्या जुन्या फळीतून ती तशी सहज निघते. मात्र तुकडे वाचवण्याच्या नादात सुतार ती आडवी कापू शकतो, म्हणून रेषांची दिशा फळीवर पेन्सिलीने बाण काढून दाखवून द्यावी.

एमडीएफबाबत आपल्याला दिलेला सल्ला आम्हाला पटत नाही. ते एकसारखे आणि सपाट असते हे खरे, पण कडेने ओल लागली की ते पावासारखे फुलते आणि फुललेले पुन्हा बसत नाही. शिवाय त्याच्या कडेत मारलेला स्क्रू दोनदा काढून घातला की सैल होतो. कोकणात सागवानाला पर्याय हवाच असेल तर मरीन प्लाय घ्यावी. तिच्यात थर आलटून पालटून आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे वर सांगितलेला रेषांचा प्रश्नच उद्भवत नाही. फक्त अठरा मिलिमीटर म्हणून घेतलेली प्लाय अर्धा-पाऊण मिलिमीटर कमी भरू शकते, तेव्हा आकडेमोड करण्याआधी तीही मोजून घ्यावी. फणसाचे लाकूड घरात असेल तर तेही चांगले, रंगाने तर सागापेक्षा देखणे. आंब्याचे लाकूड मात्र किडीची पूर्ण प्रक्रिया केलेली असेल तरच वापरावे.

पॉलिशचे म्हणाल तर लाखेचे स्पिरिट पॉलिश घरी करायला सर्वांत सोपे आणि खराब झाले तर दुरुस्त करायलाही सोपे आहे, पण चिपळूणच्या पावसाळ्यात ते दमट हवेत मारले तर पांढरट पडते. मेलामाइन किंवा पीयू ओलाव्याला जास्त दाद देत नाही. कोणतेही निवडा, पण फळीच्या आतल्या बाजूलाही तेवढेच हात द्या. बाहेरून बंद आणि आतून उघडी अशी फळी एकाच बाजूने ओल पिऊन वाकते, आणि आतली बाजू कोणाला दिसत नाही म्हणून ती नेहमी वगळली जाते. जवसाचे तेल वापरणार असाल तर तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात; मोकळ्या पसरून वाळवाव्यात.

प्रश्न : रेल्स विकत न घेता लाकडाच्याच पट्ट्या लावून त्यांत मॉड्यूल्स स्क्रूने बसवता येतील का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : येतील, आणि तात्पुरत्या पेटीला त्यात काही वावगे नाही. साग किंवा शिसवीसारख्या घट्ट लाकडाच्या १० × १५ मिमीच्या पट्ट्या घेऊन त्यांत लहान लाकडी स्क्रू मारले की मॉड्यूल धरून राहते. अडचण अशी की मॉड्यूल्सच्या जागा सतत बदलत राहणे हाच या वाद्याचा स्वभाव आहे. त्यामुळे प्रत्येक बदलाला पट्टीत नवे छिद्र पडते, आणि लवकरच दोन छिद्रे एकमेकांत मिसळून स्क्रू नुसता फिरू लागतो.

याहून चांगला स्वस्त मार्ग म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ॲल्युमिनियमचा काटकोनी अँगल, तीन मिलिमीटर जाडीचा, त्यावर ५.०८ मिमी अंतरांनी छिद्रे पाडून एम-३चे आटे पाडणे. ८४ एचपीच्या एका रांगेला वर-खाली मिळून पावणेदोनशेच्या आसपास आटे पाडावे लागतात. ते करताना बरेच जण रेल्स विकत घेण्याच्या निर्णयापर्यंत येतात.

प्रश्न : विद्युतपुरवठा कसा निवडावा? बाजारात तीन आउटपुट असलेला तयार पुरवठा स्वस्तात मिळतो. तो लाकडी पेटीत बसवणे सुरक्षित आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो, कारण लाकडाची चूक झाली तर पेटी बिघडते, विजेची चूक झाली तर माणसाच्या जिवावर बेतते.

युरोरॅकला अधिक १२ व्होल्ट, उणे १२ व्होल्ट आणि काही मॉड्यूल्सपुरते अधिक ५ व्होल्ट लागतात. प्रत्येक मॉड्यूलच्या माहितीत ते तिन्हींतून किती मिलिअँपिअर घेते ते दिलेले असते. तिन्ही रकान्यांची बेरीज वेगवेगळी करावी, एकत्र करू नये. समजा आपल्या मॉड्यूल्सची बेरीज अधिक बाराला ६२० आणि उणे बाराला ३९० मिलिअँपिअर आली, तर तीस टक्के शिल्लक धरून पुरवठा अनुक्रमे ८०० आणि ५०० मिलिअँपिअरहून मोठा हवा. आपण म्हणता त्या औद्योगिक वापराच्या तीन आउटपुटच्या पुरवठ्यांत गोम इथेच आहे. त्यांच्यावरचा एकूण वॅटचा आकडा भरपूर दिसतो, पण त्यातला मोठा वाटा ५ आणि अधिक १२ व्होल्टचा असतो आणि उणे १२ व्होल्टला अगदी थोडी धारा राखलेली असते. युरोरॅकची भूक अधिक आणि उणे यांत बऱ्यापैकी सारखी वाटलेली असते. म्हणजे पुरवठ्याची खरी क्षमता त्याच्या सर्वांत अशक्त आउटपुटवरून मोजावी. शिवाय असे पुरवठे संगीतासाठी बनवलेले नसल्यामुळे त्यांची बारीक शिट्टी किंवा खरखर ध्वनीत उतरू शकते.

सुरक्षिततेबाबत आमचे मत स्पष्ट आहे : ज्यांनी मेन लाइनचे काम पूर्वी केलेले नाही त्यांनी २३० व्होल्ट लाकडी पेटीच्या आत आणूच नयेत. लॅपटॉपला असतो तसा बंदिस्त अडॅप्टर बाहेर ठेवावा आणि त्याच्या १५ ते २० व्होल्टमधून आत हवे ते व्होल्टेज तयार करणारे युरोरॅकचे तयार पॉवर मॉड्यूल वापरावे. अडॅप्टरचे व्होल्टेज आणि अँपिअर त्या मॉड्यूलने सांगितल्याप्रमाणेच घ्यावेत. थोडे महाग पडते, एखादी जागा रांगेतली जाते, पण रात्री शांत झोप लागते.

अनुभवी मंडळी आत पुरवठा बसवणार असतील तर त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिली, मेनचा सगळा भाग, म्हणजे फ्यूज आणि स्विच असलेला सॉकेट, ट्रान्सफॉर्मर किंवा पुरवठ्याची टर्मिनले, एका पत्र्याच्या बंद डब्यात असावा. लाकूड विजेचे दुर्वाहक असले तरी ते जळते. दुसरी गोष्ट लाकडी पेटीतच विसरली जाते. धातूच्या पेटीला एका ठिकाणी अर्थिंग केले की सगळा सांगाडा अर्थ होतो. लाकडी पेटीत चार रेल्स म्हणजे धातूचे चार सुटे तुकडे असतात आणि प्रत्येकाला अर्थची वेगळी तार हवी. त्यातही रेल्सवर ॲनोडायझिंगचा जो रंगीत किंवा चंदेरी थर असतो तो वीज वाहू देत नाही, त्यामुळे थिंबल (तारेच्या टोकाचे धातूचे कडे) नुसते स्क्रूखाली दाबून भागत नाही. स्क्रूखालची जागा घासून उघडी करावी आणि प्लगच्या जाड पिनपासून प्रत्येक रेलपर्यंत मल्टिमीटरने जोडणी तपासावी. घरातली अर्थिंगच नावापुरती असेल तर हा सगळा खटाटोप व्यर्थ जातो, म्हणून एकदा वायरमनला बोलावून तीही पाहून घ्यावी, आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी स्विच नसेल तर बसवून घ्यावा.

मॉड्यूल लावताना रिबन केबलची लाल कड उणे १२ व्होल्टच्या बाजूला येते. पाटीवर आणि मॉड्यूलवर तशी खूण असते. सगळे दिवे बंद करून, पेटीत डोके घालून घाईघाईने केबल लावण्याचा प्रकार टाळावा. उलटी लागलेली केबल एका क्षणात मॉड्यूल जाळते, आणि सर्वच मॉड्यूल्सना त्यापासून संरक्षण दिलेले नसते. नव्या पेटीत प्रथम एकही मॉड्यूल न लावता व्होल्टेज मोजावे, मग आपले सर्वांत स्वस्त मॉड्यूल एकटे लावून पाहावे.

उष्णतेचाही विचार हवा. ॲल्युमिनियमची पेटी स्वतःच उष्णता बाहेर टाकते, लाकूड ती आत कोंडते. ऑसिलेटरचा, म्हणजे स्वर निर्माण करणाऱ्या मॉड्यूलचा, स्वर एका व्होल्टला एक सप्तक या हिशेबाने चढतो, म्हणजे एका अर्धस्वराला अवघे ८३ मिलिव्होल्ट. हा हिशेब ज्या ट्रान्झिस्टरवर चालतो त्याचे प्रमाण तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.३३ टक्क्याने सरकते. चांगल्या मॉड्यूलमध्ये त्याची भरपाई केलेली असते, पण ती पुरती कधीच नसते. म्हणून तापणारा पुरवठा ऑसिलेटरच्या खाली किंवा मागे नको. तो वरच्या कोपऱ्यात ठेवावा, पाठीच्या प्लायला खाली आणि वर दोन्हीकडे फटी ठेवाव्यात आणि वाद्य लावण्याआधी पेटी अर्धा तास चालू ठेवावी.

प्रश्न : तंबोऱ्यात आणि हार्मोनियममध्ये लाकडाने आवाज बदलतो. मग सागवानाच्या पेटीत सिंथेसायझरचा आवाज प्लायच्या पेटीपेक्षा गोड येईल का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : मिरजेच्या वाचकाकडून हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे, तरी उत्तर ‘नाही’ असेच आहे. तंबोऱ्याची तार घोडीवरून तबलीला हलवते आणि आपण ऐकतो तो तबली आणि भोपळा यांचा आवाज असतो. मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये स्पीकरपर्यंत पोचेतो ध्वनी हा केवळ विद्युतदाब असतो, त्याला लाकडाचा स्पर्शही होत नाही.

मग या वाद्यांना लाकूड का? रॉबर्ट मूग यांनी १९६४ पासून न्यू यॉर्क राज्यातल्या ट्रूमन्सबर्गमध्ये जे मॉड्युलर संच बनवले ते अक्रोडाच्या लाकडी पेट्यांत बसवलेले असत आणि तेव्हापासून ही सवय रुळली. आपल्या देशातही असा संच फार लवकर आला होता : अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराच्या देखरेखीखाली मूग संच असलेला इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला गेला आणि गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर यांच्यासारख्यांनी तिथे काम केले. लाकूड घरच्या हत्यारांनी कापता येते, त्यात कुठेही छिद्र पाडता येते, ते चुकून तारेला लागले तर शॉर्ट होत नाही आणि डोळ्यांना बरे वाटते. आमच्या मते ही कारणे पुरेशी आहेत, त्यात गोडव्याची भर घालायची गरज नाही.

लाकूड एक काम करत नाही, ते म्हणजे बाहेरच्या विद्युत गोंगाटापासून आडोसा देणे. ट्यूबलाइट किंवा मोबाइल जवळ आल्यावर गुणगुण येत असेल तर आतून तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडता येते, पण आधी पुरवठा आणि केबल्स तपासाव्यात, कारण दोष बहुतेक वेळा तिथेच निघतो.

प्रश्न : आजोबांची जुनी हार्मोनियम बिघडून पडली आहे. तिची लाकडी चौकट रिकामी करून त्यात मॉड्यूल्स बसवण्याची कल्पना कशी वाटते? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : आधी एखाद्या जाणकार कारागिराला दाखवा. भाता फाटला असेल, चामडी वाळली असेल, एखाद्या सुरात, म्हणजे आवाज देणाऱ्या धातूच्या पट्टीत, धूळ अडकली असेल, तर हे सगळे दुरुस्त होते आणि जुन्या चांगल्या सुरांचा संच आज सहज मिळत नाही. खरोखरच सूर गंजून गेले असतील तरच पुढचा विचार करावा.

तसे असेल तर आतली रुंदी मोजा. ती ४२७ मिमीपेक्षा कमी भरली तर रेल्स ७२ किंवा ६० एचपीच्या कापून घ्याव्यात. ७२ एचपीला ३६६ मिमी आणि ६० एचपीला ३०५ मिमी जागा लागते. भाता असलेल्या बाजूची भोके बुजवू नयेत, हवा खेळायला ती आयतीच मिळतात.

प्रश्न : मला ही पेटी कार्यक्रमांना घेऊन जायची आहे. वायरी न काढता झाकण लागेल अशी रचना करता येईल का, आणि वजन किती होईल? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : झाकणाच्या आत मॉड्यूलच्या पट्टीपासून किमान ५५ ते ६० मिमी मोकळी उंची ठेवली तर सरळ प्लगच्या वायरी जागेवर राहून झाकण लागते. प्लगवर झाकण टेकता कामा नये. प्रवासातला प्रत्येक धक्का प्लगमार्फत जॅकवर जातो आणि जॅक सर्किटवरून सुटतो. झाकणाला निघत्या पिनेची बिजागरी लावावी, म्हणजे वाजवताना ते पूर्ण काढून ठेवता येते, आणि दोन बाजूंना ट्रंकेच्या कड्या लावाव्यात.

वजनाचा हिशेब असा. वर सांगितलेल्या मापाची दोन रांगांची पेटी आणि तेवढ्याच आकाराचे साठ मिमी खोल झाकण, अठरा मिलिमीटरच्या सागवानात, पाठीसकट साधारण पाच ते सहा किलो भरेल, कारण सागाचे एका घनमीटरचे वजन ६५० किलोच्या आसपास असते. त्यात रेल्स, पुरवठा आणि मॉड्यूल्स मिळवली की नऊ-दहा किलो कुठेच गेले नाहीत. लोकलने जायचे असेल तर बाजूच्या फळ्या अठराच ठेवून, कारण रेल्सचा सगळा भार त्यांच्यावर असतो, वरच्या-खालच्या फळ्या आणि झाकण बारा मिलिमीटरच्या प्लायचे करावे. मूठ वरच्या फळीत लाकडी स्क्रूने बसवू नये. आरपार बोल्ट घालून आतून रुंद वॉशर आणि लॉकनट लावावा आणि मूठ पेटीच्या मध्यावर न बसवता भरलेली पेटी बोटांवर तोलून, तिचा तोल जिथे साधतो तिथे बसवावी, कारण जड पुरवठा एका कोपऱ्यात असल्यामुळे ती जागा मध्यापासून दोन-चार बोटे बाजूला येते. निघण्यापूर्वी मॉड्यूल्सचे चारही स्क्रू लागले आहेत का ते पाहावे. घरी दोन तिरप्या कोपऱ्यांतल्या दोन स्क्रूंवर भागते. गाडीच्या हादऱ्यांत भागत नाही.